बाकावर विसरलेला फोन

एकदा एका वृद्ध संगणकतज्ज्ञांच्या शिष्येने एका रुग्णालयासाठी मोबाइल ॲप तयार केले. गुरूंचे नाव अनंतराव केळशीकर, शिष्या शर्वाणी. डॉक्टर किंवा परिचारिकेने सकाळी एकदा पासवर्ड दिला, की दिवसभर कोणत्याही रुग्णाची औषधे फोनवरूनच पाहता आणि बदलता येत. सर्वांना ते फार सोयीचे वाटे.

पुढे शर्वाणीचे वडील मधुमेह बळावल्याने त्याच रुग्णालयात दाखल झाले. अनंतराव त्यांना भेटायला आले. शर्वाणी त्यांना वडिलांच्या खाटेकडे घेऊन जात असता, नेत्रविभागाबाहेरच्या बाकावर कुणा परिचारिकेचा फोन राहिलेला दिसला. ॲप उघडेच होते. अनंतरावांनी फोन उचलला, शर्वाणीच्या वडिलांचे नाव शोधले आणि इन्शुलिनच्या मात्रेपुढे एक शून्य वाढवले. पडद्यावर 'जतन करा' एवढेच आले. त्यांचे बोट त्यावर येऊन थांबले.

"सर, नको! बाबा जातील!" शर्वाणी किंचाळली.

अनंतरावांनी आकडा पुसला. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता.

"मला वाटलं होतं, कुठेतरी ॲप मला अडवेल," ते म्हणाले.

"पण फोन आपल्याच सिस्टरचा आहे ना, सर. आत आलेला माणूस आपलाच, असं धरून मी..."

"फोन आपला, पण हात कोणाचा, हे कोणी विचारलं? आणि डोळ्यांच्या विभागातून इन्शुलिन बदलता यावंच कशाला? दारात एकदा ओळख पटली म्हणून पुढची प्रत्येक मागणी खरी ठरत नाही. दर वेळी नव्यानं विचार: कोण आहेस, फोन कुठला, आणि हे तुझं काम आहे का? यात कोणाचा अपमान नाही गं. खाटेवरच्या माणसाला स्वतःची राखण करता येत नाही."

शर्वाणीने त्याच दुपारी फोनवरून औषधे बदलण्याची सोय बंद करवली आणि ॲप पुन्हा घडवायला घेतले. "आमच्यावर विश्वास नाही का?" डॉक्टर चिडून विचारत. ती शांतपणे आपले काम करत राहिली.

नवे ॲप सुरू झाले त्या दिवशी वडिलांची साखर पाहावी म्हणून तिने फोन उघडला. उत्तर आले, 'ही माहिती पाहण्याची आपल्याला परवानगी नाही.' स्वतःपुरती वाट मोकळी करून घेणे तिला अवघड नव्हते. पण तिने फोन पर्समध्ये टाकला आणि वडिलांच्या खाटेपाशी जाऊन विचारले, "बाबा, आज कसं वाटतंय?"