विमानातलं जेवण

विभावरी केळुसकर या बाईंचं मला भारी कौतुक. स्वस्त तिकिटांची विमान कंपनी चालवायच्या. नागपूरहून पुण्याला संध्याकाळी उडायची एकच वेळ शिल्लक होती. ती मागायला त्या विमानतळाच्या संचालकांकडे गेल्या, तर बड्या कंपनीचे मालक राजाध्यक्ष त्याच वेळेसाठी आधीच तिथे ठाण मांडून बसलेले.

"आमच्या विमानात गरम जेवण, वर गुलाबजाम," राजाध्यक्ष म्हणाले. "बाईंच्या विमानात उपाशी बसा! झाडूसुद्धा हवाईसुंदऱ्याच मारतात."

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "साहेब, जरा खिडकीबाहेर बघा."

दोघांची विमानं बरोबरच उतरली होती. बाईंच्या हवाईसुंदऱ्यांनी प्रवासी उतरताच झाडून घेतलं, नवे प्रवासी बसले आणि विमान धावपट्टीकडे निघालंसुद्धा. राजाध्यक्षांचं विमान प्रवासी भरून जेवणाच्या गाडीची वाट बघत उभं होतं.

"पण बाई, लोकांना भूक लागतेच ना?" संचालकांनी विचारलं.

"लागते की! आमचे लोक घरी पोचून जेवतात. यांचे अजून इथेच असतात, म्हणून यांना वाढावं लागतं."

संचालकांनी हसत बाईंच्या अर्जावर सही केली. गुलाबजामांची गाडी तेव्हा कुठे फाटकातून आत शिरत होती.