चाळीस माना, चाळीस बोटं

डोंगराच्या कुशीत एक कॉलेज होतं. तिथं दुपारी वारासुद्धा पेंगायचा. त्या पेंगेत हेमांगी मॅडम पोरांच्या मोबाइलवर प्रश्न पाठवायच्या, आणि उत्तरं बिननावाची, चांदण्यांसारखी भिंतीवरच्या पडद्यावर उमटायची.

एकदा प्राचार्य घारपुरे वर्गात येऊन थडकले आणि मॅडमवर गरजले, "हे मोबाइल बंद करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. शिकवतात कसं, ते बघा."

मग अर्धा तास त्यांनी समुद्राची भरती-ओहोटी शिकवली. शेवटी दरडावून विचारलं, "समजलं ना रे?"

चाळीस माना डोलल्या. "हो सर."

"बघितलंत?" सर मिशीत हसले.

मॅडम हळूच म्हणाल्या, "आता हेच मोबाइलवर विचारते. तुम्हीही उत्तर द्या, सर."

सरांनी ऐटीत आपल्या मोबाइलवर बोट टेकवलं. पडदा हळूहळू उजळला. 'नाही समजलं' चाळीस वेळा, 'समजलं' एकदाच.

"माना तुमच्या धाकानं हलल्या, सर, बोटं मनानं. तो एकटा हुशार कोण, ते मी विचारत नाही."

सर गुपचूप शेवटच्या बाकावर बसले. "मोबाइल राहू द्या. आणि चंद्र पाणी कसा ओढतो, ते तुम्हीच सांगा."

त्या दुपारी म्हणे चाळीस पोरं आणि एक प्राचार्य बसल्या बाकावरून समुद्र बघून आले.