बुजगावण्याचा नवा सदरा

शेतातल्या वस्तू आणि माणसं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. नदीकाठच्या एका शेतात बुजगावणं उभं होतं. डोक्याला मडकं, अंगात मालकाचा जुना सदरा आणि मातीत रोवलेला एकच पाय. त्या पायाला गांडुळं गुदगुल्या करत आणि सकाळच्या धुक्यात ते उभ्याउभ्याच हसे.

पुढं मालक हैबती दर हंगामाला तणाचं, किडीचं औषध दुप्पट फवारू लागला. गुदगुल्या थांबल्या. हळूहळू पाखरंही येईनाशी झाली.

"बघितलंत, धनी? चिटपाखरूसुद्धा फिरकत नाही. माझा दराराच तसा आहे!" बुजगावणं म्हणालं. हैबतीनं खूश होऊन त्याला नवा कोरा सदरा घातला.

नांगरटीच्या दिवशी एक म्हातारा बगळा आला. नांगरामागून चालत तो पार बांधापर्यंत गेला आणि उपाशीच परतला.

"घाबरलास ना मला?" बुजगावण्यानं विचारलं.

"तुला कोण घाबरतंय, बाबा? तुझ्याच खांद्यावर बसून आम्ही पिसं साफ करायचो. नांगरामागं गांडुळं मिळायची म्हणून यायचो. आज एकही दिसलं नाही."

बगळा उडून गेला. बुजगावण्यानं पहिल्यांदाच पायाशी पाहिलं. माती विटेसारखी कडक झाली होती.

तेवढ्यात पाठीवर पंप घेऊन हैबती आला.

"धनी, हा सदरा काढून घ्या. पाखरं माझ्यामुळं गेली नाहीत."

"मग कुणामुळं?"

बुजगावण्यानं त्याच्या पाठीवरच्या पंपाकडं पाहिलं. शेतात इतकी शांतता होती, की पंपातून गळलेला थेंब मातीवर पडला, तो दोघांनाही ऐकू आला.