शून्य गुणांचा खेळाडू

ही गोष्ट फार जुन्या काळची नाही, मागच्याच हिवाळ्यातली आहे. नगरकडच्या एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध पाळक राहत असत. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. हयातभर त्यांनी गावातल्याच, पाळक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या विद्यालयात शिकवले, तिथले वसतिगृह सांभाळले आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, दोन खोल्यांत येऊन राहिले. सगळा गाव त्यांना ‘सर’ म्हणे. मीही तसेच म्हणतो.

सरांची एक शिष्या होती, दीना पाटोळे. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी, बोलण्यात चटपटीत, आणि मंडळीच्या तरुण संघाची चिटणीस. संघाच्या खोलीत कुणी देणगी म्हणून दिलेले सहा संगणक होते. त्यांवर मुले एक खेळ खेळत. व्हिडिओ गेम म्हटले की आपल्या वयाच्या माणसांच्या कपाळाला आठी पडते, माझ्याही पडली होती, म्हणून आधी तो खेळ सांगतो. त्यात बंदूक नाही, शत्रू नाही, कुणी जिंकतही नाही. पडद्यावर एक घर असते आणि त्यात आपण घडवलेले एक माणूस असते. त्याला उठवायचे, जेवू घालायचे, शिकवायचे, त्याला मित्र मिळवून द्यायचे. थोडक्यात, आयुष्य चालवायचे.

या खेळाच्या जगात एक सुंदर प्रथा आहे. खेळणारे आपापसांत ‘चॅलेंज’ रचतात. म्हणजे कुणीतरी नियम लिहितो, अमुक करायचे, अमुक करायचे नाही, आणि इतर जण ते नियम पाळून खेळतात. गंमत अशी की खेळाला या नियमांचा पत्ताच नसतो. नियम मोडला तरी पडद्यावर काही बिघडत नाही. पाळणाऱ्याने तो केवळ आपल्या मनाने पाळायचा. हे ऐकले तेव्हा माझ्या कपाळावरची आठी गेली. आपण ज्याला नेम म्हणतो तो याहून वेगळा काय असतो?

दीनाने असेच एक चॅलेंज रचले, आणि ते रचायला तिला सहा महिने लागले. घर सोडून कॉलेजला निघालेली एक मुलगी, वसतिगृहातली तिची खोली आणि शिक्षणाचे एकवीस दिवस. रोज सकाळ-संध्याकाळ तिने प्रार्थना करायची, मगच अन्नाला हात लावायचा. पैसे फुकट मिळवून देणारी एक गुप्त युक्ती त्या खेळात आहे, ती वापरायची नाही. आठवड्यातून एकदा अनोळखी माणसाला जेवायला बोलवायचे. आणि एवढे सारे सांभाळून परीक्षेत पहिला वर्गही मिळवायचा. मूळ खेळात प्रार्थना नव्हती, पण परदेशातल्या कुणा खेळाडूने ती खेळात आणणारी एक जोडणी बनवून सर्वांसाठी मोफत ठेवली होती, ती दीनाने शोधून काढली. घर सोडून शिकायला गेलेल्या पोरांची प्रार्थना पहिल्या महिन्यातच सुटते, हे तिने स्वतःवरून आणि मैत्रिणींवरून पाहिले होते. खेळता खेळता का होईना ती हाताशी राहावी, ही तिची तळमळ होती. मला या मुलीचे कौतुक वाटते, आणि ते मी लपवणार नाही.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाला मात्र कौतुक वाटले नाही. मुख्य पंच जयवंतराव शिरसाठ यांनी सरळ सांगितले, “देवळाच्या आवारात गेम? उद्या पत्ते आणाल. ते संगणक शाळेला देऊन टाका.”

तेव्हा सर उठून उभे राहिले. “जयवंतराव, तीन आठवडे द्या. हमी माझी. मी स्वतः खेळतो.”

सभेत हसू पिकले. पण सरांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ठरले असे, की तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी पंच बसतील. मुलांना उपयोग झालेला दिसला तर संगणक राहतील, नाहीतर जातील. दीनाचे सहा महिने त्या एका रविवारावर टांगले गेले.

आता पोरीला धाकधूक लागली. उपयोग झाला हे पंचांना दाखवायचे कसे? म्हणून तिने चॅलेंजमध्ये एक नियम वाढवला. प्रत्येक प्रार्थनेच्या वेळी पडद्याचा फोटो काढून संघाच्या ग्रुपवर टाकायचा. एका फोटोला एक गुण. खोलीत मोठा फळा लावला, त्यावर अठरा खेळाडूंची नावे लिहिली, आणि सर्वांत खाली सरांचे.

सर खेळायला कसे शिकले ते पाहण्यासारखे होते म्हणतात. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे, थरथरणारा हात. पहिल्या दिवशी त्यांची खेळातली मुलगी न्हाणीघरातच अडकून बसली, दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघर पेटवले. नातवंडांच्या वयाची पोरे शिकवत आणि सर वहीत लिहून घेत. माझ्या ओळखीतल्या किती विद्वानांना हे जमले असते, मी सांगू शकत नाही. मला तर नाहीच.

दहा दिवस झाले. फळ्यावर आकडे भराभर चढले. योएल कसबे नावाचा मुलगा सर्वांत पुढे, त्याचा एकही फोटो चुकला नव्हता. आणि सर्वांत खाली, सरांच्या नावापुढे, शून्य.

मुले आधी हसली, मग कुजबुजू लागली. सर विसरत असतील. सरांना जमत नसेल. पंचांच्या कानावर गेले तेव्हा शिरसाठ म्हणाले, “मी म्हटलंच होतं. ज्यांनी हमी दिली त्यांनाच त्यात रस उरला नाही.” वीस दिवस झाले तरी शून्य ते शून्यच. शनिवारी दुपारी दीनाला राहवेना. ती तडक सरांच्या खोलीवर गेली.

“सर, उद्या पंच बसतील. निदान एक तरी फोटो टाका. मी पाया पडते तुमच्या. तुमचं शून्य बघून ते सगळं बंद करतील.”

सरांनी तिला बसवले आणि पाणी दिले. तिचे ते पिऊन होईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “दीना, मला आधी एक सांग. ग्रुपवरचे फोटो मी रोज बघतो. तुमच्या सगळ्यांच्या मुली उभ्यानंच प्रार्थना करतात. माझी गुडघे टेकते. माझ्या खेळात काही बिघाड आहे का गं?”

दीनाने मोबाईल काढला. योएलचे फोटो चाळले, मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. प्रत्येक फोटोत एक मुलगी उभी होती आणि तिचे हात जोडलेले होते. एकीचेही गुडघे जमिनीला टेकले नव्हते. हळूहळू तिचा चेहरा उतरला, कारण खेळ तिला पाठ होता. प्रार्थना सुरू झाली की आधी हात जुळतात, मग गुडघे टेकतात, आणि ती पूर्ण व्हायला खेळातला एक तास जातो. तो एक तास अभ्यासाला मिळाला तर पहिला वर्ग पक्का होतो. पोरांनी सोपी वाट काढली होती. हात जुळले की फोटो, आणि फोटो निघाला की प्रार्थना रद्द. शेकडो फोटो होते, आणि पुरी झालेली प्रार्थना त्यांत एकही दिसत नव्हती.

“फसवलं सगळ्यांनी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“कुणी फसवलं नाही,” सर म्हणाले. “तू फोटो मागितलेस, त्यांनी फोटो दिले. मीसुद्धा पहिल्या दिवशी काढायला गेलो होतो. फोटो नीट यावा म्हणून त्या मुलीला मी प्रार्थनेतून उठवलं, खिडकीजवळ नेलं, उजेडाकडे तोंड करून उभं केलं. मग माझीच मला लाज वाटली. त्यानंतर पुन्हा काढला नाही.”

मग ते जुनी आठवण सांगू लागले.

“वसतिगृहात मी रोज पहाटेच्या प्रार्थनेला हजेरी घ्यायचो. साठ मुलं, साठही हजर. मला केवढा अभिमान! पुढे मला टायफॉइड झाला आणि दोन आठवडे मी दवाखान्यात होतो. हजेरी घ्यायला कुणी नव्हतं. परत आलो तेव्हा आचारी म्हणाला, सर, नऊ पोरं रोज येत होती. मला फार लागलं ते. बाकीच्या एक्कावन्न जणांचा रागही आला. पण दीना, ती पोरं वाईट नव्हती गं. मी त्यांना हजर राहायला शिकवलं होतं, प्रार्थना करायला शिकवायचं राहूनच गेलं होतं. ती वही मी त्या दिवशी बंद केली. नंतर नऊचे चौदा व्हायला तीन वर्षं लागली. पण ते चौदा खरे चौदा होते. तुझं चॅलेंज फार चांगलं आहे. कुणी बघत नसताना नियम पाळायचा, हे तुम्ही पोरांनी खेळातून शोधून काढलंत. आम्हाला ते शिकवायला विद्यालय बांधावं लागलं. मग त्याच्यावर पहारेकरी कशाला बसवलास?”

खेळण्यासाठी मुलांनी खोलीवर आणून दिलेला लॅपटॉप सरांनी उघडला. त्यांच्या मुलीचा एकविसावा दिवस चालू होता, आणि खेळातली संध्याकाळ झाली होती. सरांनी थरथरत्या बोटाने प्रार्थनेवर टिचकी मारली आणि हात मांडीवर ठेवले. दीनाचे बोट सवयीने वेग वाढवण्याच्या बटणाकडे गेले. सरांनी ते हळूच बाजूला केले. पडद्यावर हात जुळले, गुडघे टेकले, मान खाली गेली. मिनिटभर काहीच घडले नाही. सरांनी स्वतःचेही डोळे मिटले होते. मिनिट सरले तेव्हा त्या मुलीने मान वर केली, दोन्ही तळवे एकदा चेहऱ्यावरून फिरवले, आणि उठण्याआधी क्षणभर तशीच बसून राहिली.

दीना थक्क होऊन पाहत राहिली. चॅलेंज रचताना ती प्रार्थना तिने शेकडो वेळा तपासली होती, पण दर वेळी तिप्पट वेगाने. ते तळवे चेहऱ्यावरून फिरवणे तिने आज पहिल्यांदा पाहिले.

रविवारी उपासना संपल्यावर पंच संघाच्या खोलीत बसले. दीना उठली, फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, “हे आकडे प्रार्थनांचे नाहीत, फोटोंचे आहेत. फोटोपुरते हात जोडले आणि सोडून दिले, असं झालंय. मुलांना बोल लावू नका. फोटोचा नियम माझा होता आणि तुम्हाला दाखवायला म्हणून मी तो केला होता.” तिने ओल्या फडक्याने फळा पुसायला घेतला. खाली मान घालून बसलेल्या योएलने उठून दुसरे फडके घेतले आणि तिचा हात पोहोचत नव्हता ती वरची नावे पुसली. सरांचे नाव तेवढे खाली राहिले. दीना म्हणाली, “आम्हाला हे चॅलेंज परत खेळायचंय. फोटो नाही, गुण नाहीत.”

शिरसाठांनी चष्मा काढला. “मग कोण खेळलं, कोण नाही, हे आम्हाला कळणार कसं?”

“कळणार नाही, काका.”

दीनाला वाटले, संपले, आपल्याच हाताने आपण संगणक घालवले.

शिरसाठ सरांकडे वळले. “सर, हमी तुम्ही दिली होती. तुमच्यापुढे तर शून्य आहे.”

“शून्यच आहे,” सर म्हणाले. त्यापुढे ते एक शब्दही बोलले नाहीत.

दीनाच्या ओठांवर आले होते, की काल मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तिने ते गिळले. त्या एका वाक्याने तिचे सहा महिने वाचले असते, आणि तरी तिने ते गिळले. या संबंध गोष्टीत मला सर्वांत थोर वाटते ते हेच.

शिरसाठ बराच वेळ सरांकडे पाहत राहिले. चाळीस वर्षांची ओळख होती. सर खेळले नसतील असे वाटणारा माणूस त्या खोलीत एकही नव्हता, आणि खुद्द शिरसाठांनाही तसे वाटत नव्हते. पुरावा नसतानाही आपला विश्वास बसतो, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले असावे, कारण त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाले, “संगणक राहू द्या.”

मंडळी पांगली. दीना फळा खाली उतरवत होती तेव्हा शिरसाठ दाराशी घुटमळले. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारले, “त्या कॉलेजात माझ्या वयाच्या माणसाला प्रवेश मिळतो का गं?”

दीनाने हसू आवरले. पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला एक विद्यार्थी तिने त्यांना घडवून दिला, वसतिगृहात त्याला खोली मिळवून दिली, प्रार्थना कशी सुरू करायची ते दाखवले, आणि ती घरी गेली.

पुढे शिरसाठांनी एकवीस दिवस नेम पाळला, की पहिल्याच संध्याकाळी कंटाळून संगणक बंद केला, ते दीनाला ठाऊक नाही. तिने विचारलेले नाही.