धनगरणीचे तिसऱ्या दिवसाचे काम

ज्या काळी मेंढरे माणसांशी बोलत आणि माणसे ते ऐकून घेत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट आहे, लहानथोरहो.

एका माळावरच्या गावात एक धनगरीण राहत होती. पोरके कोकरू परक्या मेंढीला जोडून द्यावे ते तिनेच, अशी तिची ख्याती होती. एखाद्या मेंढीचे पिलू दगावले, की ती त्याचे कातडे सोडवून पोरक्या कोकरावर पांघरी. मेंढी वास घेई, आपलेच पिलू समजून थांबे आणि कोकराला आचळ मिळे.

धनगरणीची स्वतःची लेक, तुळसा, दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. तिचे कपडे मात्र खुंटीवर तसेच होते.

त्याच गावात एक माणूस दारू पिऊन आपल्या पोरीला मारीत असे. पोरीला आई नव्हती. अखेर पंचांनी तिला धनगरणीच्या घरी ठेवले आणि सांगितले, "मेंढरांची लोकर कातरायच्या, कातरणीच्या दिवशी पोरीला विचारू. तिने इथे राहते म्हटले, तर ती तुमची. नाही म्हटले किंवा गप्प राहिली, तर बापाची. त्याने दारू सोडल्याची शपथ घेतली आहे."

धनगरणीला जे काम येत होते, तेच तिने केले. पोरीच्या अंगात तुळसाची चोळी चढवली, तुळसासारखी वेणी घातली आणि तिला तुळसा म्हणून हाक मारू लागली.

पोर पहिल्या हाकेला कधी ओ देत नसे. ती दाराला पाठ लावून झोपे आणि अर्धी भाकरी लोकरीच्या ढिगात लपवून ठेवी.

"अगं, चोळी तिच्या काखेत काचते आहे," तिचा धनी एकदा म्हणाला.

"काचत असती, तर बोलली नसती का?" धनगरणीने विचारले.

पण बापाच्या घरी तक्रारीला काय मिळते, हे पोर शिकून आली होती. ती बोलली नाही.

कातरणीला महिना उरला असता, एका सकाळी पोर घरात दिसेना. ती मेंढरांत बसलेली सापडली. अंगात तिचा जुना, ठिगळांचा झगा होता आणि मांडीवर चोळी, काखेत उसवलेली.

"तुळसा! हे काय केलंस?" धनगरीण ओरडली.

पोरीने दोन्ही हातांनी डोके झाकले. "चोळी फाटली, काकू," ती म्हणाली. "मारायचं तर आत्ताच मारा. संध्याकाळपर्यंत वाट बघायला लावू नका."

धनगरणीचा हात जागीच थांबला. तेव्हा शेजारी रवंथ करणारी म्हातारी मेंढी बोलली. याच मेंढीला धनगरणीने मागे एक पोरके कोकरू जोडून दिले होते.

"बाई, माझ्या कोकरावरचं कातडं तू कितव्या दिवशी काढलंस?"

"तिसऱ्या."

"का?"

"अंगावर राहिलं तर सडतं. शिवाय तोवर तुझं दूध त्याच्या पोटात गेलेलं असतं."

"आणि मी फसले होते, असं तुला वाटतं?" मेंढी फुरफुरली. "कातड्याखाली दुसरंच कोणी आहे, हे मला पहिल्याच घटकेला कळलं होतं. माझी आस तेवढी खोटी होती, त्याची भूक खरी होती. म्हणून पाजलं. या पोरीवर तू किती महिने कातडं ठेवलं आहेस?"

धनगरीण खाली बसली. पोरीच्या काखेतला लाल वळ तिला आता दिसला.

"तुझं नाव काय, बाळ?"

पोरीने डोक्यावरचे हात खाली घेतले. "ठकी," ती म्हणाली.

त्या दिवशी धनगरणीने दोऱ्याने ठकीचे माप घेतले आणि नवी चोळी शिवली, काखेत दोन बोटे सैल. रोज संध्याकाळी ती ठकीच्या उशाशी फडक्यात एक भाकरी बांधून ठेवू लागली. ती का ठेवली, हे तिने सांगितले नाही. काही दिवसांनी लोकरीच्या ढिगात भाकरी सापडेनाशी झाली. दाराशी मात्र ठकी तशीच झोपत राहिली, आणि धनगरणीने ते तसेच राहू दिले.

कातरणीचा दिवस आला. बाप धुतलेले पागोटे बांधून आला होता आणि त्या दिवशी तो खरोखरच शुद्धीत होता.

"बोल पोरी," पंच म्हणाले.

ठकी गप्प राहिली. कात्र्या थांबल्या. धनगरणीला वाटले, तुळसा म्हणून घालवलेले महिने आता आडवे येणार. तरी ती मध्ये बोलली नाही.

"माझा झगा कुठं राहील?" ठकीने अखेर विचारले.

"घरात त्याच्यासाठी खुंटी ठोकली आहे," धनगरीण म्हणाली. "तुळसाच्या खुंटीशेजारी."

"मग मी इथंच राहते."

बापाने मान खाली घातली आणि तो आल्या वाटेने परत गेला. ठकी तो दिसेनासा होईपर्यंत पाहत होती. तिला कोणी तिकडून वळवले नाही.

पुढे त्या घरात दोन खुंट्या राहिल्या, एकीवर उसवलेली चोळी आणि दुसरीवर ठिगळांचा झगा. ठकी दाराजवळून उठून चुलीजवळ झोपायला आली, ती पुढच्या कातरणीच्या सुमारास.

तात्पर्य: दुसऱ्याचे लेकरू आपले करायचे असेल, तर आपल्या दुःखाचे पांघरूण त्याच्या अंगावरून वेळीच काढावे आणि ते जसे आहे तसे त्याला घरात जागा द्यावी.