यंत्राला वाहिलेलं कुंकू

फार पूर्वीची गोष्ट. पण अगदीच पूर्वीची नव्हे, कारण गावात वीज आली होती. त्या गावात एक सुतार राहायचा. लाकूड घासून गुळगुळीत करायचं, हातात धरायचं एक विजेचं यंत्र त्याच्याकडे होतं.

यंत्रावर त्याचा भारी जीव. दर खंडेनवमीला तो त्यावर हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा, हात जोडायचा. आणि मग वर्षभर त्याला नुसतं राबवून घ्यायचा.

एकदा त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला मुलगी झाली. नातीला आपल्या हातच्या पाळण्यात निजवायचं, असं सुतारानं मनाशी धरलं होतं. बारसं तोंडावर आलं, पाळणा उभा राहिला, फक्त घासायचा उरला. नेमकं तेव्हाच यंत्र रुसलं. ते घुरघुरायचं, तापायचं, लाकडावर ओरखडे उठवायचं. सुतारानं अंगाचा भार टाकून ते दाबलं, तर जळका वास सोडून बंदच पडलं.

"असल्या खरखरीत पाळण्यात लेकराला कसं घालू?" सुताराचे डोळे भरून आले. "एवढी पूजा करतो मी याची!"

सुतारीण नुकतीच बाळंतिणीला शेक देऊन तिथं येऊन टेकली होती. "अहो, पूजा करता, पण त्याची भुसा साठायची पिशवी कधी रिकामी केलीत? आत जागा असती तर सगळा भुसा माझ्या केरसुणीला कशाला आला असता? आधी भिंतीतली पिन काढा बघू."

सुतारानं पिन काढली, यंत्र निवू दिलं. पिशवीत भुसा गच्च बसला होता. हवेच्या फटी जुन्या कुंकवानं आणि भुशानं बुजल्या होत्या. खालचा पॉलिश पेपर झिजून बोडका झाला होता. बिचारा ओशाळला. त्यानं पिशवी झटकली, कोरड्या ब्रशानं फटी मोकळ्या केल्या, नवा पेपर लावला.

सुतारीण म्हणाली, "आता नुसता हात ठेवा. दाबू नका."

यंत्र सुरू झालं आणि कठड्यावरून अलगद फिरू लागलं. सुतारीण कंबर धरत उठली आणि हसून म्हणाली, "माझंही तसंच. चारचौघांत मला लक्ष्मी म्हणता, पण कंबर दुखते का, हे कधी विचारत नाही."



बारशाला बायका पाळण्यावरून हात फिरवून कौतुक करत होत्या. सुतार मात्र चुलीपाशी तेलाची वाटी गरम करत बसला होता. बायको दिसताच त्यानं पाट पुढे सरकवला.

"तू बस आधी. कुठं दुखतंय, सांग."

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे, त्याची वर्षातून एकदा पूजा करण्यापेक्षा रोज विचारपूस करावी.