संक्रांतीची सावली

“मग पोथी खोटी म्हणायची का, महाराज?”

पद्माकर घैसासानं हे विचारलं तेव्हा मी मठाच्या ओसरीवर तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. संक्रांत होती. सूर्य डोक्याशी यायला थोडा अवकाश होता.

बोरगडावर सहजगिरीबाबा आकाश शिकवतात. त्यांची रीत वेगळी. पहिलं वर्ष पुस्तक नाही, दुर्बीण नाही. अंगणात पुरुषभर उंचीचा सागवानी खांब आहे. भर दुपारी त्याची सावली दिवसातली सगळ्यात आखूड होते. त्या क्षणी तिच्या टोकाशी फरशीवर चुन्याचा ठिपका घालायचा. रोज. वर्षभराचे ठिपके नीट पडले तर पुढे शिकवणार, नाही तर गड उतरायचा.

पद्माकर पंचांगवाल्यांच्या घरातला. आकाश शिकल्याशिवाय उंबरा चढणार नाही, असं बापाला सांगून दसऱ्याला आलेला. त्या दिवशी गड चढता चढताच त्यानं मला सगळं समजावलं होतं. तारा स्वतः जळतो, ग्रह उसन्या उजेडावर चमकतो, उपग्रह ग्रहाभोवती फिरतो... मी चौथी नापास दुकानदार; ऐकलं ते गाठीला बांधलं. आम्ही शुक्राला चांदणी म्हणतो, यावर तो पोट धरून हसला.

नारळ कानाशी हलवून आत पाणी किती ते सांगणारी माणसं मी बाजारात पुष्कळ पाहिलीत. बहुतेकदा त्यांचं बरोबर येतं, आणि तिथंच ती फसतात.

तर त्या संक्रांतीला बाबा अंगणात आले, सावलीच्या टोकाशी बसले. कालचा ठिपका बराच पुढे होता. बाबांनी अंगठा सावलीवर टेकवला, करंगळी ठिपक्यावर. वीतभर अंतर. हात तसाच ठेवला.

मग पद्माकरानंच सांगून टाकलं. सावली रोज लांबत होती, ती संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच थबकली आणि मागे येऊ लागली. पण घरच्या पोथीप्रमाणे सूर्य उत्तरेला वळतो तो संक्रांतीला. घैसासांच्या घरात तीन पिढ्या तेच सांगत आलेल्या. त्यानं ओळंबा लावून पाहिला, खांब कलला का म्हणून. खांब सरळ. मग आपलीच नजर चुकते असं धरून त्यानं ठिपका रोज तीळभर पुढे सरकवला. सावली जिथं असायला हवी, तिथं.

आणि वर विचारत होता, पोथी खोटी का.

“नाही,” बाबा म्हणाले. “लिहिणाऱ्यानं पाहून लिहिलं.”

“मग सावली खोटी?”

“अयनचलन म्हणजे काय रे? सकाळी पाठ म्हणत होतास.”

“पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो,” पद्माकर घडाघडा सुरू झाला. “संक्रांत ताऱ्यांना धरून राहते, पण सूर्य वळायचा दिवस ताऱ्यांच्या मानानं मागे मागे सरकतो. बहात्तर वर्षांत एक दिवस. म्हणजे पोथीला सतराशे वर्षं झाली असली, तर...”

तो थांबला. मोजायला वर आलेली बोटं तशीच राहिली.

“तेवीस दिवस,” तो हळूच म्हणाला.

बाबांनी वीत उचलली. खोटे ठिपके पूस, म्हणाले.

पद्माकर ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसला. ठिपक्यांच्या रांगेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. पुन्हा फिरवली.

“कुठून खोटे झाले, ते मलाच ओळखू येत नाही, महाराज.”

बाबांनी गडाच्या पायऱ्यांकडे पाहिलं. पद्माकरानंही पाहिलं. मला वाटलं, आता हा वळकटी बांधणार.

त्यानं खांबाच्या बुडापासून पुसायला घेतलं. सगळेच. दसऱ्यापासूनचे, खरे-खोटे एकजात. चुना फरशीत मुरलेला. नखानं खरवडून काढला. मी मदतीला उठलो तर हातानंच बसा म्हणाला. रांग संपली तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघाली होती.

“आजपासून वर्ष धरा, महाराज. उतरणार नाही.”

बाबांनी मान हलवली.

तो आत जाऊन चुन्याची वाटी घेऊन आला, आणि तसाच उभा राहिला. दुपार टळून गेली होती. सावली पुन्हा लांबत पूर्वेकडे कलली होती. पुसण्याच्या नादात तो क्षण आम्हां तिघांतल्या कुणीच पाहिला नव्हता.

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो, आता तुम्हाला हिशेब कळलाय, अंदाजानं घालून टाका. दोन बोटं इकडे की तिकडे. माझ्या दुकानात मी तेच केलं असतं, खोटं कशाला सांगू.

पद्माकरानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटी हातात धरून त्यानं विचारलं, “पहिल्याच दिवशी काय घालू, महाराज?”

बाबा उठले. धोतराला लागलेला चुना झटकला.

“आज पाहिलंस तेवढंच.”